कापरे कोठून भरते?

मराठीत कंपनासाठी शब्दांचे दारिद्र्य नाही. थंडीने हुडहुडी भरते, भीतीने कापरे भरते, म्हातारपणी हात थरथरतो, आगगाडी जवळून गेली की तावदाने हादरतात आणि भोवरा घुमतो. यांपैकी एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही, हे शाळकरी मुलालाही कळते. परंतु तेच आपण मोटार घेऊन कारखान्यात गेलो, की 'गाडी व्हायब्रेट होते' एवढे सांगून मोकळे होतो. भोपाळात त्याचेच हिंदी करून 'गाड़ी काँप रही है' म्हणतो. मग मिस्त्रीही जो सुटा भाग त्याच्या फळीवर असेल त्यापासून सुरुवात करतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

अरेरा कॉलनीतील माझे एक स्नेही जलसंपदा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. सरकारी लिलावात त्यांनी एक जुनी महिंद्र जीप घेतली. नोकरीत ज्या जीपने धरणांच्या कामावर धूळ खाल्ली, तिच्याविषयी माणसाला माया असावी, हे समजण्यासारखे आहे. गृहस्थ हौशी आणि हात कुशल. अंगणात जीप उंच करून, खाली आडवे पडून त्यांनी प्रोपेलर शाफ्ट काढला, त्याचे दोन भाग वेगळे केले, गंज खरवडला, ग्रीस भरले आणि पुन्हा जोडले. घरच्यांना घेऊन पचमढीला जावयाचे ठरले होते. निघण्यापूर्वी मिसरोदच्या पुढे मंडीदीपच्या रस्त्यावर गाडी काढली, तो पन्नासच्या वर जाताच पायाखालचा पत्रा घुमू लागला. त्यांनी चाके संतुलित करून घेतली. मग टायर बदलले. मग इंजिनाखालचे रबर बदलले. घुमणे तसेच. पचमढी राहिली ती राहिलीच, शिवाय गिअरपेटीच्या मागच्या बाजूने तेल ठिबकू लागले.

येथे यंत्राची थोडी ओळख करून देणे भाग आहे. जीप, अँबॅसडर किंवा मारुती ओम्नी यांत इंजिन पुढच्या बाजूला आणि शक्ती मात्र मागच्या चाकांना. मधले अंतर तोडणारी पोकळ लोखंडी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. मागचा धुरा पाट्यांवर खालीवर होतो, म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना सर्व बाजूंनी वाकणारे सांधे असतात. दोन चिमट्या आणि मध्ये अधिक-चिन्हाच्या आकाराचा तुकडा, ज्याला आपल्याकडे सारे 'क्रॉस' म्हणतात. या सांध्याला सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्डानो याचे नाव युरोपात मिळाले. इंग्लंडात तो सतराव्या शतकातील रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जातो. आणि मोटारीसाठी क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकनाने त्याचे पेटंट १९०३ साली मिळविले.

या सांध्याच्या अंगी एक खोड आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरू लागला की पलीकडची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा घटते. दहा अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का, वीस अंशांत सहा टक्के. म्हणूनच दुसऱ्या टोकाला दुसरा सांधा. पहिल्याने वाढविलेली मात्रा दुसऱ्याने कमी करावयाची, म्हणजे ओळ वृत्तात राहते. मात्र त्यासाठी दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि नळीवरच्या दोन्ही चिमट्या एका प्रतलात हव्यात. पाव फेऱ्याने चुकल्या, तर एकाचा दोष दुसरा भागविण्याऐवजी दुप्पट करतो. जीपच्या शाफ्टचे दोन भाग दातेरी जोडाने एकमेकांत सरकतात, त्यामुळे ते हवे तसे जोडता येतात. चुकीचेही.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ताशी साठ किलोमीटर वेगाला जीपचे चाक सेकंदाला साधारण सात-आठ फेरे घेते. चाकाचा तोल गेला असेल, तर तेवढेच धक्के बसतात. ते जवळजवळ मोजता येतात, पुढचे चाक असल्यास हातातल्या चक्रालाही लागतात. हे झाले थडथडणे. शाफ्ट त्याच्या पाचपट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला सदतीस-अडतीस. त्याचा तोल गेला, की बुडाखाली घुमते. सांध्याचा कोन किंवा चिमट्यांचा मेळ चुकला, तर फेऱ्याला दोन याप्रमाणे त्याच्याही दुप्पट. ते कानाला गुणगुणण्यासारखे लागते आणि आसनाला मुंग्या आल्यासारखे. क्रॉस झिजला असेल, तर गाडी सुटताना 'टक्' असा आवाज येतो. पहिल्या दिवशी माझ्या स्नेह्यांनी 'घुमते' हा शब्द वापरला होता. तो शब्द गांभीर्याने घेतला असता तर टायरांचे पैसे वाचले असते.

शब्दाची खातरजमा करण्याची रीतही सोपी आहे. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. कंप आला तर इंजिन वा क्लच पाहावा. न आल्यास सरळ, मोकळ्या, सपाट रस्त्यावर कंपाच्या वेगापर्यंत जाऊन क्षणभर न्यूट्रल करावे. किल्ली मात्र कदापि बंद करू नये, चक्राला कुलूप लागण्याचा धोका असतो. इंजिन मंदावूनही कंप गाडीच्या वेगाबरोबरच राहिला, तर रोग गिअरपेटीच्या मागे आहे.

अखेर जहांगीराबादचे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी गाडी चालविलीसुद्धा नाही. "साहब, आख़िर में हाथ किस चीज़ को लगाया था?" एवढेच विचारले आणि खाली वाकले. शाफ्टवरचा चिखल व ग्रीस पुसताच दोन बाण दिसले, एक नळीवर, एक सरकत्या भागावर. कारखान्यात ते समोरासमोर यावेत म्हणूनच कोरलेले असतात. येथे एक आभाळाकडे पाहत होता, दुसरा नर्मदेकडे! शिवाय गंज म्हणून जे टवके छिन्नीने उडविले होते, त्यांत तोल साधण्यासाठी चिकटविलेली लोखंडाची एक चकतीही गेली होती. बाण जुळविल्यावर तीन हिस्से घुमणे थांबले. उरलेल्यासाठी मिस्त्रींनी पाण्याच्या नळीचे दोन क्लॅम्प शाफ्टवर आवळले आणि त्यांची तोंडे थोडी थोडी फिरवीत, प्रत्येक वेळी गाडी चालवून, तोल जमविला. पुढे शाफ्ट यंत्रावर संतुलित करून घेतला. पिपलानी-गोविंदपुऱ्याच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. भेलमध्ये आयुष्य घालविलेल्यांना फिरणाऱ्या वस्तूचा तोल म्हणजे काय, हे मी सांगणे नको.

हे केवळ सुखासनाचे प्रश्न नव्हेत. असा शाफ्ट बोल्ट सैल करतो, बेअरिंग खातो, तेलाची सीळ फोडतो. आणि पुढचा सांधा चालत्या गाडीत तुटलाच, तर नळीचे टोक रस्त्यात रुतून गाडी उलटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पचमढीच्या घाटात, मागे नातवंडे बसलेली असताना, हे घडावे अशी कल्पनाही नको. कंप रोज वाढत असेल किंवा टकटक सुरू झाली असेल, तर गाडी उभी करावी हे बरे.

स्वतः काम करणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. त्यांनी एवढे करावे: शाफ्ट सोडविण्यापूर्वी प्रत्येक जोडावर रंगाची एक आडवी रेघ ओढावी, आणि ती ओढूनच पाना हाती घ्यावा. खडू नको, तो पुसला जातो. नवा क्रॉस बसविल्यावर तो बोटाने चारी बाजूंस सहज फिरतो का ते पाहावे. अडला तर आत एखादी सुई आडवी पडली आहे असे समजावे. मागे उंच पाटे घातले असतील, तर सांध्यांचे कोन बदलले आहेत, हे विसरू नये. गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नये. स्टँड लावावेत, चाकांना दगड लावावेत.

मारुती ८०० वाल्यांना हा लांब शाफ्ट नाही, कारण शक्ती पुढच्याच चाकांना. त्यांच्या सांध्याची जात वेगळी आणि भाषाही वेगळी: वळताना कटकट वाजली तर चाकाकडचा सांधा, गाडी जोर घेताना कापली तर बहुधा आतला. दोन्हींवर रबरी टोपण असते. ते फाटून ग्रीस उडालेले दिसले, तर आवाज येण्याची वाट न पाहता टोपण बदलून घ्यावे. सांध्याच्या मानाने ते फारच स्वस्त पडते.