निवडीचा हक्क आणि रिमोटची बटणे

सशुल्क दूरचित्रवाणी कंपनी नेमके काय विकते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या प्रत्येक विभागाकडून वेगळे मिळते. तंत्रज्ञांच्या लेखी ते सेट-टॉप बॉक्स असते, विपणनवाल्यांच्या लेखी वाहिन्यांचे पॅकेज, तर कायदेतज्ज्ञांच्या लेखी नियामकाला दाखवायचा दरतक्ता. ग्राहकाच्या हाती मात्र केवळ रिमोट असतो. या साऱ्यांचा मेळ घालणे म्हणजेच उत्पादनाच्या रचनेचे व्यवस्थापन. ते न झाल्यास काय होते, याचा धडा २०१९ साली देशभरातील प्रेक्षकांना मिळाला.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे 'ट्राय'ची, नवी दररचना त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून अमलात आली. तिचा हेतू निःसंशय चांगला होता. जी वाहिनी पाहायची तिचेच पैसे द्यायचे, हे तत्त्व कोणाला पटणार नाही? पहिल्या १०० वाहिन्यांसाठी कर वगळून १३० रुपये जोडणी शुल्क, त्यावर निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचे दर, असा हिशेब ठरला. तथापि शेकडो वाहिन्यांमधून निवड करायची कुठे, हा प्रश्न दुय्यम मानला गेला. बाण आणि 'ओके' एवढ्याच बटणांच्या बळावर, सोफ्यावर बसून अशी यादी चाळणे हे कष्टाचे काम आहे. वयस्कर प्रेक्षकांना तर ते शिक्षेसारखेच वाटले असणार. अखेर अवघ्या काही दिवसांत मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवावी लागली आणि ज्यांनी निवड केली नाही त्यांच्यासाठी कंपन्यांनीच 'बेस्ट फिट प्लॅन' ठरवावा, असे 'ट्राय'ला सांगावे लागले. ग्राहकाला दिलेला निवडीचा हक्क अशा रीतीने पुन्हा कंपनीकडेच गेला.

यात निव्वळ निष्काळजीपणा होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पॅकेजमध्ये समाविष्ट करता येणाऱ्या वाहिनीचा कमाल दर १९ रुपये ठेवण्यात आला होता आणि अनेक लोकप्रिय वाहिन्यांनी नेमका तोच आकडा गाठला. दुसरीकडे प्रसारकांच्या पॅकेजवर ७० टक्क्यांपर्यंत सवलत दिली जात असल्याचे 'ट्राय'नेच त्याच वर्षी नोंदवले. सुटी वाहिनी महाग, गुच्छ स्वस्त. मग सुटी निवड सोपी करण्यात कोणाला रस असणार? पडद्यावर गुच्छ आधी दिसावा की सुटी वाहिनी, हा वरकरणी रचनाकाराचा प्रश्न प्रत्यक्षात महसुलाचा असतो. कंपनीत रचनाकाराला महसूल विभागापुढे 'नाही' म्हणण्याचा अधिकार नसेल, तर तो केवळ रंग आणि अक्षरांचा आकार ठरवतो. निवड सुलभ करणारे अ‍ॅप शेवटी जून २०२० मध्ये आणले ते 'ट्राय'ने. ज्या यंत्रणेचे काम नियम करण्याचे, तिला ग्राहकासाठी पडदाही रचावा लागला.

ब्रिटनच्या 'स्काय'चे उदाहरण येथे बोलके ठरते. तिने २००१ मध्ये 'स्काय प्लस' आणले, तेव्हा एका मालिकेचे सगळे भाग नोंदवणे आणि चालू प्रक्षेपण थांबवणे या गोष्टी सामान्य घरात आल्या. बॉक्स, रिमोट आणि पडद्यावरची मांडणी यांचा विचार एकत्र झाल्यानेच ते साधले. त्याच धर्तीची सेवा टाटा आणि रूपर्ट मरडॉक यांच्या समूहाच्या भागीदारीतून २००६ मध्ये सुरू झालेल्या 'टाटा स्काय'ने २००८ मध्ये येथे दिली. म्हणजे कौशल्याची वानवा नव्हती. कार्यक्रम नोंदवण्याची सोय हा कंपनीला अभिमानाने विकता येणारा गुण होता. बिल कमी करण्याची सोय तशी नव्हती, एवढाच काय तो फरक.

ही उपेक्षा आता महागात पडत आहे. सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० अखेर ७ कोटींच्या पुढे होते. मार्च २०२५ मध्ये ते सुमारे ५ कोटी ६९ लाखांवर आले. इंटरनेटवरील मनोरंजनाचा त्यात मोठा वाटा आहेच. 'टाटा स्काय'ने जानेवारी २०२२ मध्ये 'टाटा प्ले' हे नाव घेतले, ते याच बदलाची दखल घेऊन. पण गळतीचा सारा दोष इंटरनेटवर टाकता येत नाही. दूरदर्शनची 'फ्री डिश' २००४ पासून उपलब्ध आहे. तिच्यात ना पॅकेज, ना मासिक शुल्क, ना निवडीचा पडदा. वाहिन्या मोजक्याच, पण बटण दाबले की चित्र दिसते.