बुधवार रात्रीचे आठ

आमच्या पिढीचं तारुण्य रेडिओच्या काट्यावर हललं, असं मी अगदी मनापासून म्हणेन. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना चित्रपटगीतं हलकी वाटत. शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम होतं, हे मान्यच. पण आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि घराघरातला काटा रेडिओ सिलोनकडे फिरला. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तरी बुधवार सिलोनचाच राहिला.

रात्री आठला अमीन सयानींचा आवाज आला की गृहपाठ मिटायचा. ‘बिनाका गीतमाला’त या आठवड्यात कोणतं गाणं वर चढलं, यावरून दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर कडाक्याचे वाद. शॉर्टवेव्हवर आवाज मधेच विरून जाई, नेमका अंतऱ्यात. मग राहिलेली ओळ पुढच्या बुधवारपर्यंत शोधत बसायचं. त्या वाट पाहण्यानंच गाणी अंगात भिनली. जे कुणाला सांगायचं धाडस नव्हतं, ते साहिर, शैलेंद्र, मजरूह आमच्या वतीनं सांगून टाकत.

हा अंक त्या गाण्यांसाठी. ऐकून उतरवलेल्या गाण्यांची वही तुमच्याकडे अजून असेल, तर तिच्याबद्दल आम्हाला जरूर लिहा. विशेषतः अर्धवट राहिलेल्या गाण्यांबद्दल.