रेंज नाही, पैसेही परत नाहीत

वर्षभराचे रिचार्ज करून आठवडाही उलटत नाही, तोच लक्षात येते, की घरात रेंजच मिळत नाही. बोलण्यासाठी गॅलरी गाठावी लागते, बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर पोहोचतो. परदेशात अशा ग्राहकापुढे दोन-दोन वर्षांच्या करारातून सुटायचे कसे, हा प्रश्न असतो. भारतात दहापैकी नऊहून अधिक जोडण्या प्रीपेड असल्याने कागदावरचा करार सहसा नसतो. त्याची जागा आगाऊ भरलेल्या पैशांनी घेतली आहे.

नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. १९०० या क्रमांकावर एसएमएस केला, की कोड मिळतो आणि एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजी दिवसांत नंबर दुसऱ्या कंपनीकडे जातो. मात्र, त्यासाठी सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात. पोस्टपेड ग्राहकाला बिलाची थकबाकी चुकवावी लागते. करारात बाहेर पडण्याच्या अटी असतील, तर त्याही पाळाव्या लागतात. शिल्लक रक्कम आणि उरलेली वैधता यांवर मात्र पाणी सोडावे लागते. नंबर सोबत येतो, पैसे मागेच राहतात.

भरपाईचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रत्येक कॉल ड्रॉपमागे एक रुपया, दिवसाला कमाल तीन रुपये, ग्राहकाला देण्याचा नियम केला. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी तो मनमानी ठरवून रद्द केला. दोन टक्के कॉल ड्रॉप नियमांनाच मान्य आहेत, मग ती मर्यादा पाळणाऱ्या कंपनीलाही दंड का, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

खरी मेख या टक्केवारीतच आहे. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई परिसर वगळता जवळपास सारे राज्य आणि गोवा येतो. एवढ्या प्रदेशाच्या सरासरीत एखाद्या सोसायटीतील तिसऱ्या मजल्याची व्यथा कुठे दिसणार? ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत दंडाची कमाल रक्कम दहा लाखांवर गेली, पण तो दंड ग्राहकाच्या खिशात येत नाही. भाड्यात सूट किंवा वाढीव वैधता मिळते ती जिल्हाभरातील सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प झाली तरच. (गच्चीवर टॉवर नको, असा ठराव करणाऱ्या सोसायट्यांनीही रेंजअभावी कंपन्यांना बोल लावताना थोडे थांबावे, हेही खरे.)

उरतो तो ग्राहक आयोग. १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद असल्याने टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचांना ऐकता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. ही भिंत १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत व न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने दूर केली. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. तत्पूर्वी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यावा आणि दाद न लागल्यास ३० दिवसांत तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे अनेकांना तिथे अर्ज केल्यावरच कळते.

अर्थात, काही हजारांच्या रिचार्जसाठी आयोगाची पायरी कोण चढणार, याची कंपन्यांना पुरेपूर कल्पना आहे. कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळांवर देणे त्यांना आता बंधनकारक असले, तरी ते परिसराचे असतात, खोलीचे नव्हे. म्हणूनच नंबर हलवण्याआधी नव्या कंपनीचे साधे प्रीपेड सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत महिनाभर वापरून पाहणे शहाणपणाचे. कारण निवड चुकली, तर पुढचे ९० दिवस पुन्हा गॅलरीतच काढावे लागतात.