काचेतला माल आणि कोऱ्या मालाचा भाव

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर आठ-दहा महिने चालत राहिलेला टीव्ही, सणाच्या गर्दीत माल संपला म्हणून खाली उतरवायचा, फडक्याने पुसायचा, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा आणि भाव मात्र पेटीबंद मालाचा घ्यायचा, याला धंदा म्हणायचे की लबाडी? आमच्या मते ही लबाडी आहे आणि 'डिस्प्ले पीस' हे तिला दिलेले गोंडस नाव आहे.

अमेरिकेत हाच वाद बंदुकांबाबत घातला जातो. तिथे बंदूक काचेच्या कपाटात मांडलेली असते. येणारा-जाणारा ती मागून घेतो, हातात तोलतो, दुकानदाराने होकार दिला तर रिकामा चाप ओढून पाहतो आणि परत ठेवतो. मग शेवटी जो ती विकत घेतो, त्याने पूर्ण किंमत का मोजावी? दुकानदार म्हणतो, हे पोलाद आहे, हाताळण्याने झिजत नाही. बंदूक तर कारखान्यातच गोळी झाडून तपासलेली असते. गिऱ्हाईक म्हणते, शेकडो घामट हात लागलेत, दस्त्यावर ओरखडा आहे, आणि एकदा विकलेली बंदूक तुमच्यापैकी अनेक जण परतही घेत नाहीत. बंदुकीच्या बाजाराविषयी आमचे मत बिलकूल चांगले नाही, पण तो विषय वेगळा. या भांडणात दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे आहे. काचेत ठेवली म्हणून वस्तू जुनी होत नाही, वापरली म्हणून होते. तेव्हा प्रश्न दोनच उरतात. वस्तू किती वापरली गेली? आणि ते गिऱ्हाइकाला सांगितले का?

हाच निकष आपल्याकडच्या मालाला लावून पाहा. लोखंडी कपाट दुकानात वर्षभर उभे राहिले तर त्याचे काही बिघडत नाही. पोचा नसला तर पूर्ण भाव घ्या, आमची तक्रार नाही. फ्रीजचे दार हजार वेळा उघडले-मिटले तर रबर सैल पडते, पण यंत्र बहुधा बंदच असते. टीव्हीचे मात्र तसे नाही. तो सकाळी शटर उघडल्यापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत, लोकांचे डोळे दिपावेत म्हणून सर्वांत भडक प्रकाशावर चालवतात. घरात माणूस तीन-चार तास टीव्ही बघतो, दुकानात तो दहा-बारा तास चालतो. म्हणजे दुकानातले एक वर्ष घरातल्या तीन वर्षांच्या बरोबरीचे झाले. काही महागड्या पडद्यांवर तर एकच चित्र सतत दाखवल्याने कायमचा डाग उमटतो. मोबाईल आणि लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला टांगलेले असतात आणि त्यांची बॅटरी गिऱ्हाइकाच्या घरी येण्याआधीच म्हातारी झालेली असते. पुतळ्याला नेसवलेल्या साडीचा वरचा पदर दिव्याने विटलेला असतो, तो घडी घालून आत दडवला जातो.

हा माल कोणाच्या माथी मारला जातो, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या घरात आधीचे दोन टीव्ही होऊन गेले, तो पेटी आपल्यासमोर फोडायला लावतो. वस्तीतले कुटुंब १४ एप्रिलच्या आधी किंवा दिवाळीला पहिल्यांदा मोठा टीव्ही घ्यायला जाते, हप्त्यावर घेते, कर्ज मंजूर झाले याच आनंदात असते. तिथे काउंटरवरचा पोऱ्यासुद्धा कपड्यांकडे बघून 'अरे-तुरे' करतो. अशा माणसाने पेटी कुठे आहे असे विचारले, तर "घ्यायचे असेल तर घ्या, शेवटचा पीस आहे" हे उत्तर तयार असते. तो गप्प बसतो. पुढे दोन वर्षे तो जुन्या मालाचे हप्ते नव्या मालाच्या भावाने फेडत राहतो.

दुकानदारांचीही एक बाजू आहे आणि ती आम्ही नाकारत नाही. मांडणीचा माल अनेकदा त्यालाच पदरचे पैसे घालून घ्यावा लागतो, ऑनलाइन विक्रीने नफा घटला आहे आणि कर्ज काढून मोबाईलचे दुकान थाटलेली आपलीही मुले त्यात आहेत. पण मांडणी हा जाहिरातीचा खर्च आहे. तो कंपनीने सोसावा, फार तर दुकानदाराने आणि कंपनीने वाटून घ्यावा. शेवटच्या गिऱ्हाइकाने त्याचा भुर्दंड का भरायचा? तो टीव्ही पाहून ज्यांनी पेटीबंद माल नेला, त्यांच्या विक्रीतून तो खर्च केव्हाच निघालेला असतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. जुना किंवा वापरलेला माल नवा म्हणून खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होते आणि २०१९ च्या कायद्यातही आहे. बिल न देणे हीदेखील नव्या कायद्याने अनुचित प्रथाच ठरवली आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही त्यातच मोडते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लटकवणाऱ्यांनी हे कलम वाचावे. आणि एमआरपी ही कमाल किंमत आहे, ठरलेली किंमत नव्हे. तिच्या खाली विकायला कोणी मनाई केलेली नाही.

मात्र डिस्प्लेचा माल किती सवलतीत विकावा, हे कायदा सांगत नाही. इथेच सरकारने नियम करायला हवा. 'मांडणीतील वस्तू' असे बिलावर ठळक लिहिणे सक्तीचे करावे, टीव्ही किती तास चालला तो आकडा त्यावर नोंदवावा आणि हमीची मुदत बिलाच्या तारखेपासून पूर्ण द्यावी. एवढे उघड झाले की भाव आपोआप खाली येईल, कारण हे वाचून पूर्ण पैसे कोणीच देणार नाही.

तोवर गिऱ्हाइकाने पेटीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहावे. मोबाईलवर *#०६# दाबून येणारा क्रमांक पेटीवरच्या क्रमांकाशी ताडावा. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. तेवढ्याने भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि दुकान परगावी असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. आयोगातल्या रिकाम्या जागांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती, तेव्हा निकालाला वेळ लागेल हे धरूनच चालावे. पण बिल जपून ठेवा, आणि दुकानदाराने भिंतीवरून काढून दिलेला टीव्ही असेल तर तो काढतानाचा फोटो तिथेच मोबाईलवर घ्या.