पेडल अडकले, की शेतकरी अडकवला?



पऱ्हाटी वाढू लागली की मोठा ट्रॅक्टर ओळीत मावत नाही. बैलजोडी पोसणे परवडत नाही. म्हणून कर्ज काढून आपण डवरणीसाठी लहान ट्रॅक्टर घेतला. पावसाची उघडीप मिळते दोन-तीन दिवसांची, आणि नेमके तेव्हाच पांदणीच्या चिखलात मागचे एक चाक गरगर फिरते, दुसरे जागचे हलत नाही. ड्रायव्हर डिफरन्शियल लॉक दाबतो, दोन्ही चाके जोडली जातात, ट्रॅक्टर बाहेर निघतो. पण पाय काढला तरी पेडल वर येत नाही आणि ट्रॅक्टर वळत नाही.

इथून वर्कशॉपचा धंदा सुरू होतो. गेल्या खरिपात तालुक्याच्या एका वर्कशॉपने आमच्या कार्यकर्त्याला ऐकवले, "मागचे हाऊसिंग उघडावे लागेल, आठ दिवस थांबा." आठ दिवसांत तणाने कपाशी झाकली. बिलात नवा भाग एकच, पेडलची स्प्रिंग. त्या ट्रॅक्टरला ती बाहेरूनच बसते! बाकी पैसे कशाचे, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

काय कळायचे ते आम्ही सांगतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. डिफरन्शियल ती सवलत देते, लॉक ती काढून घेते. लॉक लागलेले असताना वळवाल तर टायर घासतात, आतले दाते तुटू शकतात, डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर न वळता सरळ नालीत जाऊ शकतो. असा ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊच नका.

पुष्कळदा बिघाड नसतोच. दोन चाकांवर वेगवेगळा ताण असला की आतला जोड दाबात धरला जातो, स्प्रिंगला तो सुटत नाही. ट्रॅक्टर थांबवा, सावकाश थोडा मागे घ्या, स्टिअरिंग किंचित इकडे-तिकडे करा. ताण उतरला की पेडल खटकन वर येते. नाही आले तर इंजिन बंद करून खाली वाकून पाहा. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी, वाळली की विटेसारखी. ती पेडलखाली आणि दांड्याच्या सांध्यात जाऊन बसते. खरवडून काढा, गंजलेल्या सांध्यात तेल सोडा, पेडल हाताने वर-खाली करा, मोकळे झाले की ग्रीस भरा. स्प्रिंग तुटली किंवा ढिली पडली असेल तर बदला.

पेडल वर आले म्हणजे आतले लॉक सुटलेच, असे नाही. कठीण सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागची दोन्ही चाके उचलून खाली मजबूत ओंडके द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, जीव जातो. इंजिन बंद, गिअर टाकलेला, ब्रेक सोडलेला. आता एक मागचे चाक हाताने फिरवा. दुसरे उलटे फिरले तर लॉक सुटले. चाक हललेच नाही तर जोड आतच अडकला आहे. फोर्क वाकला असेल किंवा दाते खराब झाले असतील. तेव्हा मात्र हाऊसिंग उघडणे खरे, आणि ते काम चांगल्या मिस्त्रीचेच.

कृषी महाविद्यालयात आम्ही डिफरन्शियलची आकृती काढून गुण मिळवले, पाना हाती कोणी दिला नाही. हे सारे आम्ही तुमच्या बांधावर शिकलो. तेव्हा "तुम्हाला काय कळतं" हा प्रश्न आम्हालाही लागतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल काढले, त्यात शेतीची यंत्रेही घेतली. हक्क दिल्लीच्या पोर्टलवर, आणि आपल्या घरातली पुस्तिका इंग्रजीत! आमचे मागणे साधे आहे. ट्रॅक्टरबरोबर मराठी पुस्तिका द्या, सुट्या भागांचे भाव दुकानाच्या भिंतीवर लावा, काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्या, मजुरी आणि माल बिलात वेगळे लिहा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापली वर्कशॉपची बिले बरोबर आणा. कच्ची असली तरी चालतील.