उतारशाळेच्या दारात



लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय सलग वाचून पाहा. तो सारा अध्याय पाहुण्यांभोवती फिरतो. आरंभी प्रभू शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवतो आणि जे गाव त्यांना स्वीकारणार नाही त्याच्यापेक्षा सदोमाला सोपे जाईल, असे बजावतो. मध्ये दयाळू शमरोनी जखमी वाटसरूला उतारशाळेत पोहोचवतो. शेवटी मार्था प्रभूला आपल्या घरी उतरवून घेते.

सदोमाचे नाव निघाले की आपल्याला एकच पाप आठवते. पण त्या रात्री गावकरी जमले होते ते दारी आलेल्या परक्यांवर अत्याचार करायला. यहेज्केल संदेष्टा सदोमाच्या दोषांत गर्व, सुखासीनता आणि गरिबांकडे फिरवलेली पाठ मोजतो. सदोमाच्या पापात आणखीही काही असेल. पण प्रभूने त्या शहराची आठवण काढली ती पाहुण्याला दार बंद करणाऱ्या गावाविषयी बोलताना, हे आपण विसरू नये.

हे आज लिहिण्याचे कारण साधे आहे. आपल्यातले कितीतरी जण हॉटेलांच्या स्वागतकक्षात, स्वयंपाकघरात आणि टॅक्सीवर काम करतात. गोव्यात काहींनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या आहेत. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया आधार कार्डे पुढे ठेवून एका पलंगाची खोली मागतात, तेव्हा काय होते? ‘वेगळे पलंग देऊ का?’ असे चारचौघांत मोठ्याने विचारले जाते, सामान उचलणारी मुले एकमेकांना खुणावतात, किंवा आधी ठरवलेली खोली अचानक ‘भरलेली’ निघते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. त्या याचिकाकर्त्यांत केशव सुरी हे हॉटेल व्यावसायिकही होते. कायदा बदलला, पण काउंटरवरची नजर बदललेली नाही.

‘मग आमच्या विश्वासाचे काय?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात एक ख्रिस्ती दांपत्य अतिथीगृह चालवत असे. पती-पत्नी नसलेल्यांना एका पलंगाची खोली द्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. २००८ मध्ये त्यांनी अशी खोली कायदेशीर जोडीदार असलेल्या दोन पुरुषांना नाकारली. खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल मालकांच्या विरोधात लागला. त्या दांपत्याच्या श्रद्धेची मला थट्टा करायची नाही. पण खोली भाड्याने देणे म्हणजे विवाहाला आशीर्वाद देणे नव्हे. पिऊन धिंगाणा घालणाऱ्या टोळक्याला आपण खोली देतोच ना? त्यांच्याकडून पैसे घेताना आपली सद्‌सद्विवेकबुद्धी टोचत नाही. ती नेमकी या दोघांसमोरच जागी होत असेल, तर ती श्रद्धा की निव्वळ किळस, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

कॅथलिक ख्रिस्तसभेची विवाहाविषयीची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. त्याच धर्मशिकवणीच्या ग्रंथात, २३५८व्या परिच्छेदात, समलिंगी व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा, त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची खूणही टाळावी, असे सांगितले आहे. पहिली शिकवण पाठ आणि दुसरी ऑप्शनला, असे चालणार नाही.

शमरोन्याने मागे ठेवलेल्या माणसाला उतारशाळेच्या मालकाने ‘तू कोण, कोणाचा?’ असे विचारल्याचे शुभवर्तमानात कुठेही नाही. त्याच्याकडे एकच काम सोपवले होते: याची काळजी घे. आपलेही काम तेवढेच आहे. ठरलेली खोली ठरल्याप्रमाणे द्यावी. ओळखपत्रे इतरांची पाहतो तशीच पाहावी. पाहुण्याची गोष्ट गावभर करू नये. कोणी त्यांना धमकावून पैसे उकळू लागला, तर मालकाने पुढे उभे राहावे. रविवारी त्यांनी मिस्साची वेळ विचारली, तर ती हसतमुखाने सांगावी. नुसता इंद्रधनुषी झेंडा लावून गिऱ्हाईक मिळेल. पाहुण्याला निर्धास्त झोप मात्र अशा साध्या वागण्यानेच लागेल.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहिते. हे पाहुणे नेहमी परकेच असतात असे नाही. आपल्याच धर्मग्रामात बाप्तिस्मा घेतलेली, आपल्याच गायनवृंदात गायलेली काही मुले-मुली आज दूरच्या शहरांत राहतात. सणाला गावी येतात, पण घरचे दार बंद असते म्हणून हॉटेलात उतरतात. त्या रात्री काउंटरवर बसलेला माणूस आपल्यापैकीच एक असेल, तर त्या लेकराला ख्रिस्तसभेचा चेहरा म्हणून तोच दिसणार आहे.

प्रभू येशू, तुझ्या जन्माच्या रात्री उतारशाळेत तुला जागा मिळाली नाही. आमच्या दाराशी येणाऱ्या कोणालाही ते दुःख आमच्या हातून न मिळो. आमेन.