इंद्रायणीत बुडविलेली कर्जखते

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दर वर्षी आकुर्डीला मुक्काम करते आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीतून वाट काढीत पुण्याकडे जाते. त्या दिवशी कंत्राटी कामगारही रस्त्याच्या कडेला उभा राहून वारकऱ्यांना पाणी देतो, त्यांच्या पाया पडतो. पालखी पुढे जाते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभा असतो. भक्तीतील समता आणि व्यवहारातील विषमता यांचे हे सहजीवन केवळ आपल्याकडचे नाही. युरोपच्या धर्मक्रांतीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातील संत आणि युरोपातील धर्मसुधारक यांची तुलना न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० सालच्या ग्रंथात केली. पुरोहितांच्या मक्तेदारीला विरोध, लोकभाषेचा पुरस्कार, जन्मापेक्षा भक्तीला महत्त्व, ही साम्ये खरीच आहेत. परंतु युरोपातील त्या चळवळीच्या पोटात दुसरी एक चळवळ होती. अशा तुलनेत ती सहसा मागे राहते.

मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये चर्चच्या क्षमापत्रांच्या विक्रीला आव्हान दिले. पुढे १५२५ च्या मार्चमध्ये दक्षिण जर्मनीतील मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. आपला धर्मोपदेशक गावाला निवडू द्यावा, ही पहिली मागणी. पुढील बहुतेक मागण्या पोटाच्या होत्या : भूदासत्व रद्द करा, जंगलातील लाकूड मोकळे करा, वाढती वेठ थांबवा, खंड वाजवी करा, बळकावलेली सामाईक जमीन गावाला परत द्या. ख्रिस्ताने सर्वांनाच मुक्त केले असेल, तर माणूस माणसाचा दास कसा, असा त्यांचा सवाल होता. ल्यूथरने आरंभी सरदारांनाही दोष दिला. परंतु बंड पेटताच शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडण्याचा सल्ला दिला. सरदारांच्या फौजांनी हजारो शेतकरी कापून काढले.

१५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने कॅथलिक की ल्यूथरपंथी, हे ठरविण्याचा अधिकार राजांना दिला. जो राज्याचा धनी, त्याचाच धर्म प्रजेचा. ज्याला तो मान्य नसेल त्याने घरदार विकून चालते व्हावे. शेतकऱ्याचा प्रश्न 'खंड किती?' हा होता. राज्यकर्त्यांनी त्याच्या जागी 'तू कोणत्या पंथाचा?' हा प्रश्न बसविला. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीतील गावेच्या गावे ओस पडली. त्याच युद्धात कॅथलिक फ्रान्स प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उतरला. त्यात धर्म किती आणि सत्ता किती, हे यावरून उघड होते.

नेमक्या त्याच काळात, १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळाने देहूच्या तुकोबांचे घर उद्ध्वस्त केले. घराण्यात वाणीपणा होता, सावकारी होती. भावाचा हिस्सा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या. वह्या तरल्याची कथा घरोघर सांगितली जाते. कर्जखते बुडविल्याची आठवण क्वचितच काढली जाते. वास्तविक त्यांच्या समतेचा अर्थशास्त्रीय पाया त्या कर्जखतांत आहे.

साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले आणि पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले. समाजवाद्यांना संतपरंपरा परकी नाही, याचा याहून मोठा पुरावा नको. परंतु देवाचे दार उघडल्याने ठेकेदाराचे दप्तर आपोआप उघडत नाही.

यास्तव कार्यकर्त्यांनी वारीला अंधश्रद्धा म्हणून हिणवू नये, आणि ती धर्माच्या नावाने माणसे विभागणाऱ्यांच्या हातीही जाऊ देऊ नये. मराठवाड्यातून आलेला, बिहारमधून आलेला, हिंदू आणि मुसलमान असे कामगार या पट्ट्यात एकाच यंत्रावर पाळी बदलतात. त्यांच्यात 'तू कोणत्या धर्माचा?' हा प्रश्न रुजला, की 'समान कामाला समान वेतन का नाही?' हा प्रश्न मरतो. मेमिंगेनच्या शेतकऱ्यांचा पराभव रणांगणावर झाला. त्यांचा प्रश्न मात्र त्यानंतर बदलण्यात आला. पिंपरीच्या कामगाराचा प्रश्न कोणाला बदलू न देणे, हेच आजचे काम आहे.